घरची गाडी, घरचे अंग: ॲपवरून जेवण पोहोचवण्याचे काम कसे करावे

शेताचा हिशेब मांडायला बसले की बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीचे पैसे लगेच लिहिले जातात, पण घरच्या माणसांची मजुरी आणि घरच्या बैलांचा चारा सहसा कोणी धरत नाही, आणि त्यामुळे कापूस विकून आलेली सगळी रक्कम नफ्यासारखी वाटते. कन्नड तालुक्यातून छत्रपती संभाजीनगरला येऊन मी ॲपवरून जेवण पोहोचवण्याचे काम धरले, तेव्हा पहिले सात-आठ महिने मीही नेमके हेच केले. आठवड्याला खात्यात जमा होणारा आकडा मी कमाई समजत होतो आणि त्यातूनच खोलीभाडे देऊन उरलेले गावी पाठवत होतो. मग एकाच महिन्यात मागचा टायर, चेन सेट आणि क्लच प्लेट असा खर्च एकदम अंगावर आला, आणि तो भागवण्यासाठी मला मावसभावाकडून उसने घ्यावे लागले. गाडी घरची होती, अंगही घरचे होते, म्हणून दोन्हींची झीज मी कधी लिहिलीच नव्हती.

संभाजीनगर, नांदेड, लातूर यांसारख्या शहरांत हे काम करू इच्छिणाऱ्या मुलांसाठी मी पुढचे लिहितो आहे. उदाहरणे बहुतांशी संभाजीनगरची आहेत, कारण माझे पाच वर्षांचे फिरणे याच शहरात झाले.

नोंदणी करण्यापूर्वी

स्विगी असो वा झोमॅटो, रायडरचे ॲप हे ग्राहकाच्या ॲपपेक्षा वेगळे असते आणि नोंदणी त्या ॲपमधूनच होते. आधार, पॅन, वाहन चालवण्याचा पक्का परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, मुदतीतला विमा, पीयूसी आणि स्वतःच्या नावाचे बँक खाते एवढी तयारी हाताशी असावी. चौकात ‘आयडी (रायडरचे खाते) काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याचे काहीही कारण नाही. बॅग आणि टी-शर्ट यांसाठी कंपनी जी रक्कम घेते, ती ॲपमध्येच दाखवली जाते.

खेड्यातून आलेल्या मुलांचा अर्ज बहुतेक वेळा नावाच्या फरकामुळे अडकतो. आधारवर फक्त नाव आणि आडनाव असते, पासबुकावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ लागलेले असते, आणि परवान्यावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच असते. हे आधी एकसारखे करून घ्यावे, नाहीतर पहिल्या आठवड्याचे पैसे अडकल्यावर तालुक्याच्या बँकेत चकरा माराव्या लागतात. परवाना अजून शिकाऊ असेल तर घाई करू नये. शिकाऊ परवाना मिळाल्यापासून 30 दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि शिकाऊ परवाना 6 महिने चालतो, तेव्हा एक महिना थांबण्याने काही बिघडत नाही. दुसऱ्याचा आयडी भाड्याने घेऊन काम करण्याचा मार्ग मात्र कोणीही सुचवला तरी धरू नये, कारण अपघात झाला तर विम्याच्या कागदावर तुमचे नाव नसते आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात पडलेले असतात.

विम्याबाबत एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला आवर्जून सांगतो. आपल्या दुचाकीचा विमा हा खाजगी वापरासाठी काढलेला असतो, आणि भाड्याने किंवा धंद्यासाठी केलेला वापर त्यात वगळलेला असू शकतो. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी विमा एजंटाला ‘मी या गाडीवर जेवण पोहोचवतो, हा वापर चालेल का’ असे स्पष्ट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. व्हॉट्सॲपवरचे उत्तरही जपून ठेवावे.

गाडी कोणती, हा प्रश्न नेहमी येतो. घरात आधीपासून 100 ते 125 सीसीची चांगली चालणारी गाडी असेल तर तीच सर्वांत उत्तम. हे काम करायचे म्हणून हप्त्यावर नवी गाडी घेणे पहिल्या तीन महिन्यांत तरी टाळावे, कारण काम तुमच्या अंगाला मानवते की नाही हे तेवढ्या काळातच कळते, आणि हप्ता मात्र काम सुटले तरी सुटत नाही. भाड्याने मिळणारी इलेक्ट्रिक स्कूटर हा पर्याय पेट्रोलच्या दृष्टीने बरा आहे. फक्त एका चार्जिंगवर ती सांगितलेल्यापेक्षा कमी चालते असे धरून, रात्रीच्या गर्दीच्या आधी ती कुठे आणि किती वेळ चार्ज करता येईल, याची सोय आधी पाहावी.

वही

या कामातले सर्वांत महत्त्वाचे साधन म्हणून मी हेल्मेटनंतर वहीचे नाव घेईन. खिशात मावणारी साधी वही पुरते. सकाळी निघताना मीटरचा आकडा लिहायचा, रात्री घरी पोहोचल्यावर पुन्हा लिहायचा. ॲपमध्ये दिसणारे किलोमीटर या हिशेबाला उपयोगाचे नाहीत, कारण हॉटेलपासून ग्राहकापर्यंतचे अंतर तिथे दिसते, पण ग्राहकापासून परत येणे, खोलीवरून झोनपर्यंत, म्हणजे काम करण्याच्या ठरलेल्या भागापर्यंत, जाणे आणि चुकलेल्या गल्लीतून फिरणे हे सगळे तुमच्याच टाकीतून होते.

माझ्या वहीतले एका शनिवारचे पान इथे देतो. अकरा तास लॉगिन, 20 ऑर्डरी, मीटरप्रमाणे 118 किलोमीटर. ऑर्डरींचे 640 रुपये, इन्सेंटिव्हचे (ठरलेले काम पुरे केल्यावरच्या जादा रकमेचे) 225, पावसाचा सर्ज (गर्दीच्या वेळचा वाढीव दर) आणि टिप मिळून 55, असे एकूण 920 रुपये. आता खर्चाची बाजू पाहा. गाडी लिटरला 48 किलोमीटर देत होती आणि पेट्रोल 105 रुपये धरले, तर 258 रुपये पेट्रोलचे झाले. गाडीची झीज मी किलोमीटरला 1 रुपया 20 पैसे धरतो, तिचे 142 रुपये. रिचार्जचे दिवसाला 12 आणि चहा-नाश्त्याचे 60. हे सगळे मिळून 472 होतात, म्हणजे हातात 448 उरले, आणि अकरा तासांनी भागले तर तासाला जेमतेम 41 रुपये. ॲपवर त्या रात्री 920 दिसत होते.

किलोमीटरला 1 रुपया 20 पैसे हा आकडा कुठून आला, तेही सांगितले पाहिजे. अडीच हजार किलोमीटरला 400 रुपयांचे ऑइल, पंचवीस हजारांना दोन टायरचे 4,000, वीस हजारांना चेन सेटचे 1,500, दहा हजारांना ब्रेक शूचे 500 आणि पाच हजारांना किरकोळ दुरुस्तीचे 600 असे धरले, तर किलोमीटरला साधारण 57 पैसे पडतात. उरलेले पैसे गाडीच्या किमतीचे आहेत. 90,000 रुपयांची गाडी एक लाख किलोमीटर पळवून 30,000 ला विकली, तर किलोमीटरला 60 पैसे तिने आपल्या अंगातून दिलेले असतात. पंक्चरचे दोन-तीन पैसे वर धरून मी 1 रुपया 20 पैसे हा आकडा पक्का केला. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल. तो तुमच्या मिस्त्रीच्या बिलांवरून काढावा आणि माझा आकडा जसाच्या तसा घेऊ नये.

या हिशेबाचा खरा उपयोग रस्त्यावर होतो. पेट्रोल आणि झीज मिळून प्रत्येक किलोमीटर मला 3 रुपये 40 पैशांना पडतो, हे एकदा डोक्यात बसले की ऑर्डरकडे पाहण्याची नजर बदलते. समजा, निराला बाजारातून सातारा-देवळाईकडची 9 किलोमीटरची ऑर्डर 62 रुपयांना पडली. रक्कम चांगली वाटते, पण तिकडून परतीची ऑर्डर मिळाली नाही तर जाऊन-येऊन 18 किलोमीटर होतात, त्यांचा खर्च 61 रुपये 20 पैसे, आणि पाऊण तासाच्या कामाचे 80 पैसे उरतात. याउलट गारखेड्यातल्या गारखेड्यात 2 किलोमीटरची 24 रुपयांची ऑर्डर परतीसह केली तरी 10 रुपयांच्या वर उरते, आणि ती वीस मिनिटांत होते. याचा अर्थ लांबची ऑर्डर नेहमी नाकारावी असा नाही. लागोपाठ नाकारल्याने इन्सेंटिव्ह जाऊ शकते, आणि रात्री शेवटची ऑर्डर तुमच्या खोलीच्या दिशेची असेल तर लांबची घेणेच शहाणपणाचे असते. निर्णय आकडा पाहून व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्याच कारणाने ऑर्डर नसताना फिरत राहू नये. चार-पाच चालणारी हॉटेले चालत जाण्याच्या अंतरात असतील, सावली असेल आणि गाडी रस्त्याच्या आड येणार नाही, अशी जागा प्रत्येकाने स्वतःची शोधून ठेवावी. कॅनॉट, उस्मानपुरा, निराला बाजार, टीव्ही सेंटर, गारखेडा हे संभाजीनगरातले नेहमीचे ठिय्ये आहेत. लातूरला शिकवणी वर्गांच्या भागातली मेसची आणि वसतिगृहाची मुले रात्री उशिरापर्यंत मागवतात, म्हणून तिथला वेळ थोडा पुढे सरकतो.

दिवस आणि हंगाम

दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसात ते साडेदहा ही गर्दीची वेळ असते, आणि दोन्हींच्या मधल्या तासांत घरी जाऊन झोपणे हे तुरळक पडणाऱ्या ऑर्डरींपेक्षा जास्त मोलाचे आहे. श्रावण लागला की बिर्याणी आणि तंदुरीची मागणी उतरते, त्याआधीच्या आखाडातल्या रविवारी मात्र मटण-चिकनच्या हॉटेलांसमोर उभे राहायला जागा मिळत नाही. रमजानमध्ये जुन्या शहरात इफ्तारनंतर रात्रभर जाग असते, आणि शहागंज, रोशन गेट, बुढ्ढी लाईन या बाजूंना नान खलियाच्या ऑर्डरी उशिरापर्यंत पडतात. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेमुळे छावणीकडचा रस्ता गर्दीने भरतो, तेव्हा त्या दहा दिवसांत तिकडून जाणारी ऑर्डर घेताना वेळ वाढवून धरावा.

ऑर्डर हातात घेताना

हॉटेलवर पोहोचल्याबरोबर ॲपमध्ये पोहोचल्याची नोंद करावी. ही नोंद उशिरा केली तर थांबण्याचा वेळ तुमच्या नावावर जमा होत नाही, आणि उशीर हॉटेलचा असला तरी दोष तुमच्याकडे येतो. काउंटरवर ‘शेठ, 4417 झाली का’ असे ऑर्डर क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांवरून विचारावे आणि पार्सल हातात आल्यावर बिलावरचे अंक स्वतः जुळवून पाहावेत. गर्दीत शेजारच्या रायडरचे पार्सल उचलले जाणे ही रोजची गोष्ट आहे. पिशवी सीलबंद असते, म्हणून आतले पदार्थ तपासता येत नाहीत, पण बिलावर लिहिलेल्या नगांची संख्या, वेगळ्या दिलेल्या थंड बाटल्या आणि रोट्यांचे पुडके एवढे मोजता येते. पिशवी खालून ओली लागली तर ती न उचलता तिथेच बदलून मागावी.

हे मी एका डाळीवरून शिकलो. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी पिशवीचा तळ थोडा चिकट लागला होता, पण ऑर्डर आधीच उशिरा झाली होती म्हणून मी ती तशीच बॅगेत ठेवली. मोंढा नाक्याच्या उड्डाणपुलावर गाडी चढली आणि पाठीला कोमट ओल लागली. सिडकोतल्या एन-4 भागात ग्राहकाच्या दारात बॅग उघडली तेव्हा डाळ तडक्याचा डबा आडवा झालेला, झाकणाची एक कड उचललेली, रोट्या पिवळ्या झालेल्या आणि बिलाचा कागद डाळीत भिजून पदार्थांवर चिकटलेला होता. दार उघडलेल्या आजोबांनी आत पाहिले आणि म्हणाले, ‘लेकरा, भात तरी कोरडा हाय का?’ भात कोरडा होता. त्यांनी तेवढा ठेवून घेतला आणि तक्रार केली नाही, पण ते आणि आजी त्या रात्री काय जेवले असतील, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही. आपण पोहोचवतो ते कोणाचे तरी रात्रीचे जेवण असते, आणि बऱ्याचदा ते मागवणारे घर म्हाताऱ्या माणसांचे, आजारी माणसाचे किंवा एकट्या राहणाऱ्या मुलाचे असते.

त्या दिवसापासून माझ्या बॅगेत एक जुना टॉवेल, दोन रिकामे पुठ्ठे आणि चिकटपट्टीचे रिळ कायम असते. रस्सा असलेला डबा तळाशी, उभा, टॉवेलने दोन्ही बाजूंनी आवळून ठेवावा. त्यावर भात, आणि सर्वांत वर रोट्या, कारण खाली दाबल्या गेलेल्या रोट्यांना वाफेने घाम सुटतो आणि त्या लगदा होतात. थंड बाटली आणि आइस्क्रीम पुठ्ठ्याच्या पलीकडे ठेवावे. केक मात्र बॅगेत कधीही दाबून बसवू नये. तो पूर्ण सपाट बसत नसेल तर त्या ऑर्डरसाठी बॅग पायदानावर ठेवता येणारी स्कूटर असलेल्या रायडरला ती जाऊ द्यावी. पिशवी हँडलला लटकवण्याची सवय तर लावूच नये, कारण वळणावर ती चाकाकडे झुलते आणि तोल जातो.

दोन ऑर्डरी एकत्र पडल्या, तर बॅगेत ठेवतानाच दुसरी खाली आणि पहिली वर अशी रचना करावी, आणि प्रत्येक पिशवीवर मार्करने ठळक आकडा टाकावा. दाराशी उभे राहून बॅग उपसण्यात गेलेली दोन मिनिटे दुसऱ्या ग्राहकाच्या जेवणाची ऊब घेऊन जातात.

पत्ता आणि दार

संभाजीनगरचे पत्ते नकाशावर दिसतात तसे नसतात. सिडको वसाहतीचे ‘एन’ क्रमांकाचे भाग ओळीने येत नाहीत, म्हणून एन-1 पासून मोजत गेले तर माणूस भरकटतो. प्रत्येक ‘एन’ एखाद्या चौकाशी, शाळेशी किंवा मंदिराशी जोडून लक्षात ठेवावा. संजयनगर हे बायजीपुऱ्यातही आहे आणि मुकुंदवाडीतही, आणि दोन्हीकडे गल्ल्यांना क्रमांक आहेत. पुंडलिकनगरातही गल्ली क्रमांकच विचारावा लागतो. म्हणून हॉटेलवर पार्सलची वाट पाहत असतानाच ग्राहकाला फोन करावा, चालत्या गाडीवर कधीही करू नये. ‘नमस्कार, मी तुमचे जेवण घेऊन येतो आहे, मुकुंदवाडीचे संजयनगर ना? जवळची खूण सांगता का?’ एवढ्या एका वाक्याने पुढची दहा मिनिटे वाचतात. जुन्या शहरात दखनी हिंदीत बोलले की माणसे स्वतः गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहतात, आणि वाळूजच्या बजाजनगर, रांजणगाव भागात परप्रांतीय कामगारांशी हिंदीतच बोलावे लागते.

महमूद दरवाजा, मकाई गेट, भडकल गेट अशा जुन्या दरवाजांच्या भागातून जाताना संध्याकाळी रस्ता आवळतो. नकाशा तोच जवळचा रस्ता दाखवत असला तरी, गर्दीच्या वेळी एक-दीड किलोमीटर लांबून जाणे बहुधा लवकर पोहोचवते. बीड बायपासवर आणि वाळूजच्या रस्त्यावर जड वाहने असतात. तिथे उलट्या दिशेने शंभर मीटर जाणे हा मोह मी मुलांना हात जोडून टाळायला सांगतो.

सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराला ‘काका’ म्हणून नाव आणि घर क्रमांक सांगावा, वाद घालू नये. लिफ्ट वापरू दिली नाही तर ते ॲपमधून कळवावे. दार उघडायला मावशी किंवा काका आले तर पिशवी त्यांच्या हातात नीट देऊन ‘रस्सा आहे, सरळ धरा’ असे सांगावे. ‘दाराशी ठेवा’ असा निरोप असेल तर पिशवी जमिनीवर टेकवण्याआधी कुत्रे-मांजर आहे का ते पाहावे आणि दारावरच्या क्रमांकासह फोटो काढावा. एकदा माझ्या खात्यातून 340 रुपये कापले गेले, कारण जेवण मिळालेच नाही अशी तक्रार आली आणि माझ्याकडे फोटो नव्हता. चार दिवस चॅटवर लिहून काही उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी फोटोशिवाय एकही पिशवी दाराशी ठेवलेली नाही.

रोकड आणि फसवणूक

रोखीच्या ऑर्डरींचे पैसे तुमच्याकडे जमा होतात आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की ऑर्डरी थांबतात, म्हणून रोज रात्रीच ते भरून टाकावेत. खिशातली रोकड आपलीच वाटू लागते, आणि महिनाअखेरीस तीच देयकातून वजा होते. दहा-वीसच्या नोटांचे दोनशे रुपये सुट्टे सकाळीच घेऊन निघावे.

‘कंपनीच्या ऑफिसातून बोलतोय, तुमचा आयडी ब्लॉक होणार आहे, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन प्रत्येक रायडरला कधी ना कधी येतो. ओटीपी सांगितला की आयडी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडतो आणि बँक खाते बदलले जाते. ग्राहक म्हणून फोन करून ‘चुकून जास्त पैसे पाठवले, परत करा’ म्हणणारेही भेटतात. कोणालाही ओटीपी सांगू नये आणि पैसे परत करण्याचे प्रकरण फक्त ॲपच्या मदत विभागातूनच करावे. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ऊन आणि पाऊस

मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि नेमक्या त्या दिवसांत दुपारच्या ऑर्डरी वाढतात, कारण लोक घराबाहेर पडत नाहीत. तहान लागेपर्यंत थांबू नये. प्रत्येक ऑर्डरमागे चार घोट, हा नियम पाळावा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले की घरगुती जलसंजीवनी तयार होते. त्याची एक बाटली बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात असावी. लघवीला जागा मिळत नाही म्हणून पाणी कमी पिणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या दोघांना मुतखड्याने अंथरुणाला खिळलेलेही पाहिले आहे. पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह कोणालाही वापरता येते, एवढे माहीत असू द्यावे. डोके गरगरू लागले, घाम थांबून अंग तापले किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो उष्माघात समजून गाडी सावलीत लावावी, अंगावर पाणी ओतावे आणि 108 वर फोन करावा. अशा वेळी ऑर्डर रद्द होईल याची काळजी करू नये.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे ऑइल वर येते आणि पहिला अर्धा तास सर्वांत निसरडा असतो. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लोखंडी झाकणांवर ब्रेक लावू नये, आणि सर्ज वाढला म्हणून वेग वाढवू नये.

अपघात झाला तर

हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारे, आयएसआय चिन्हाचे आणि पट्टा आवळलेले असावे. हेल्मेट नसेल तर दंडाबरोबर तीन महिने परवाना निलंबित होण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि या कामात तीन महिने परवाना नसणे म्हणजे तीन महिने उत्पन्न नसणे.

अपघातानंतर आधी 112 किंवा 108. मग लॉगिन चालू असलेल्या स्क्रीनचा, गाडीचा आणि जागेचा फोटो काढून ॲपमध्ये अपघात कळवावा, कारण कंपनीच्या अपघात विम्यात तुम्ही त्या क्षणी कामावर होता की नाही हे विचारले जाते. विम्याचे कार्ड ॲपमधून आजच काढून घरच्यांच्या मोबाइलवर पाठवून ठेवावे. तुम्ही बेशुद्ध असाल तर ते तुम्हाला शोधता येणार नाही. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारची रोकडविरहित उपचारांची योजना 5 मे 2025 पासून लागू आहे, आणि तिच्यात नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. या उपचारांसाठी पोलिसांकडून अपघाताची खातरजमा होते, म्हणून पोलिसांत नोंद करणे टाळू नये.

कामगार म्हणून आपली नोंद असणेही तितकेच गरजेचे आहे. नीती आयोगाने 2022 च्या अहवालात 2020-21 मध्ये देशात 77 लाख गिग कामगार असल्याचा अंदाज मांडला होता. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची प्रथमच व्याख्या झाली, ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, आणि तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी देण्याची तरतूद आहे. हा हक्क आपल्यापर्यंत पोहोचायचा असेल तर सरकारी नोंदीत आपले नाव असले पाहिजे, म्हणून ई-श्रम संकेतस्थळावर प्लॅटफॉर्म कामगार म्हणून नोंदणी करावी. देयकातून टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जात असेल आणि तुमचे उत्पन्न करपात्र नसेल, तर आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. रक्कम लहान असते, पण ती टायरच्या कामी येते, आणि पुढे कर्जासाठी उत्पन्नाचा पुरावाही तयार होतो.

रात्री खोलीवर आल्यावर

सर्वांत आधी मीटरचा आकडा वहीत लिहावा, कारण अंग टेकले की ते होत नाही. दिवसाच्या किलोमीटरला झीजेच्या दराने गुणून तेवढे पैसे त्याच रात्री दुसऱ्या खात्यात टाकावेत. या खात्याचे एटीएम कार्ड मी गावी आईकडे ठेवले आहे. महिन्याचे 26 दिवस धरले तर माझे 3,000 किलोमीटरच्या वर होतात आणि साडेतीन हजारांहून जास्त रुपये बाजूला पडतात. गाडीच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्याची मुदत महिन्यांत आणि किलोमीटरमध्ये दोन्ही दिलेली असते. आपण त्यातला किलोमीटरचा आकडा पाळायचा, म्हणजे दर महिन्याला ऑइल बदलणे आले. चेनला दर रविवारी तेल आणि हवा सकाळी चाके थंड असताना, एवढे सांभाळले तरी मिस्त्रीकडचा निम्मा त्रास वाचतो.

मग रोकड भरावी, आणि बॅग रिकामी करून आतून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसून घ्यावी. सांडलेला रस्सा रात्रभर राहिला तर दुसऱ्या दिवशी बॅगेतल्या प्रत्येक जेवणाला त्याचा आंबूस वास लागतो. टॉवेल धुऊन दोरीवर टाकावा आणि बॅगेची चेन उघडी ठेवून ती पंख्याखाली उलटी करावी.